कर्मवीर अण्णा : पोरांच्या पाठीवर हात ठेवणारा माणूस

पलूस तालुक्यात रामानंदनगरला, किर्लोस्करवाडी स्टेशनाजवळ रयत शिक्षण संस्थेचं कॉलेज आहे. आसपासच्या गावांतली पोरं-पोरी तिथे शिकतात. पाटील, लाड, कांबळे यांच्याबरोबर हजेरीपटावर मुल्ला, मुजावर, शिकलगार, तांबोळी, अत्तार ही आडनावंही असतात. संस्थेच्या बोधचिन्हातला वटवृक्ष ही मुलं रोज बघतात. तो वटवृक्ष लावणारा माणूस मात्र त्यांच्यासाठी बहुतेक वेळा भिंतीवरचा एक फोटो असतो. पांढरी दाढी, खादीचे कपडे, खाली हार. जयंतीला भाषणं होतात आणि विषय तिथेच संपतो.

आम्हाला आज त्या फोटोतल्या माणसाची गोष्ट नीट सांगायची आहे. कारण आपल्या मोहल्ल्यांत आज जो प्रश्न सगळ्यात जास्त बोचतो आहे, त्याच्याशी या माणसाने उभं आयुष्य झुंज घेतली. दहावी झाली किंवा नापास झाली की आपला पोरगा कुठे जातो? कुणी गॅरेजवर, कुणी सेंट्रिंगच्या कामावर, कुणी चिकनच्या दुकानात, कुणी फळांच्या गाड्यावर. कामात कमीपणा नाही, हलाल कमाई आहे. पण सोळाव्या वर्षी शिक्षण सुटलं की पुढचे रस्ते एकेक करून बंद होत जातात. आणि त्या वयात त्याला थांबवून, शेजारी बसवून विचारणारं कुणी नसतं. शंभर वर्षांपूर्वी सातारा-सांगलीच्या खेड्यांत जवळजवळ सगळ्याच रयतेच्या पोरांची हीच गत होती.

वाट चुकलेला मुलगा

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घराणं वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातलं. धर्माने दिगंबर जैन. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. अंगाने दणकट, कुस्तीचा शौक, अभ्यासात मन कमी आणि अन्याय दिसला की हात आवरायचा नाही. अशा मुलाला आजच्या भाषेत आपण वाया गेलेला म्हणून मोकळे झालो असतो.

शिकायला ते कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहिले. राजर्षी शाहू महाराजांच्या कोल्हापुरात तेव्हा जातीजातींची, धर्माधर्मांची वसतिगृहं उभी राहत होती. मराठ्यांचं, जैनांचं, लिंगायतांचं. आपल्या समाजासाठीही महाराजांनी 1906 मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, तिचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं आणि मुस्लिम बोर्डिंग उभं केलं. खेड्यातला मुलगा शहरात शिकायचा तर त्याला आधी डोक्यावर छप्पर आणि ताटात भाकरी लागते, हे महाराजांना पक्कं कळलं होतं.

1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर त्यांना आंघोळ करून शुद्ध होण्यास सांगितलं गेलं आणि त्यांनी साफ नकार दिला. बोर्डिंगच्या शिस्तीशी त्यांचे आधीही खटके उडत होते. शेवटी अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना बाहेर काढलं. राहायला जागा नाही, अभ्यासात प्रगती नाही, आणि गावाकडे तोंड दाखवायची सोय नाही.

इथे या गोष्टीतली पहिली महत्त्वाची घटना घडते. शाहू महाराजांनी या मुलाला जवळ केलं आणि राजवाड्यात ठेवून घेतलं. महाराजांचा दरबार, तिथे येणारी माणसं, त्यांच्या चर्चा, महाराजांची काम करण्याची पद्धत हे सगळं त्या पोराने जवळून पाहिलं. मॅट्रिकची पायरी त्यांना शेवटपर्यंत चढता आली नाही. पण ज्या वयात मुलगा कायमचा हातातून सुटतो, त्या वयात एका मोठ्या माणसाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. भाऊराव पुढे हजारो मुलांना जे देत राहिले, ते आधी त्यांना स्वतःला मिळालं होतं.

तुरुंगातली कसोटी

पुढे ते साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. दरम्यान 1914 मध्ये कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातल्या पुतळ्यांना डांबर फासल्याचं प्रकरण घडलं. त्यात लठ्ठ्यांना गुंतवण्याचा डाव होता आणि भाऊरावांनी त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून दबाव आला. ज्यांनी बोर्डिंगमधून हाकललं, तेच हे लठ्ठे. जुना हिशेब चुकता करायची आयती संधी होती. भाऊरावांनी खोटं बोलायला नकार दिला, त्यासाठी तुरुंग सोसला, मारहाण सोसली. तो छळ इतका होता की कोठडीत त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले आणि पुढे सुटले.

खरी साक्ष आपल्या माणसाच्या, अगदी स्वतःच्या विरोधात जात असली तरी द्यावी आणि वैर असलं तरी इन्साफ सोडू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते. भाऊरावांनी ती कोणत्या किताबातून घेतली हे महत्त्वाचं नाही. वेळ आली तेव्हा ते तिच्यावर उभे राहिले.

नांगर विकता विकता

पलूसशी या गोष्टीचा धागा इथे जुळतो. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर आले. औंधच्या राजेसाहेबांनी त्यांना जमीन आणि कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभा राहिला आणि गाव वसलं, तीच किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही तिथे कामाला ठेवलं आणि त्यांच्याकडेच गावाच्या राखणीची जबाबदारी सोपवली. विश्वास टाकला की माणूस बदलतो, याचा हा दाखला आपल्याच तालुक्यातला आहे.

या किर्लोस्करांचा नांगर खेडोपाडी खपवण्याचं काम भाऊरावांनी केलं. ओगलेवाडीच्या काच कारखान्यासाठीही ते फिरले. लोखंडाने जमीन विषारी होते, असं तेव्हा शेतकरी मानत. अशा माणसाला नांगर घ्यायला लावायचा म्हणजे त्याच्या ओट्यावर बसावं लागे, त्याची भाकरी खावी लागे, त्याचं ऐकून घ्यावं लागे. या फिरतीत भाऊरावांना शेतकऱ्यांची घरं आतून दिसली. नांगर घ्यायला पैसा नाही हे एक दुःख, पण सावकाराचा कागद वाचता येत नाही हे त्याहून मोठं. दिवसा नांगर आणि रात्री शिक्षणावर बोलणं, असा त्यांचा क्रम पडला. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक विचार त्यांच्यात मुरलेला होताच.

नंतर साताऱ्यात धनजीशा कूपर या पारशी उद्योजकाबरोबर त्यांनी नांगराच्या कारखान्यात काम केलं. कारखान्याच्या कमाईतला वाटा शिक्षणाला मिळावा ही त्यांची अपेक्षा होती. त्यावरून पटेनासं झालं तेव्हा चालती गाडी सोडून ते बाहेर पडले. तिथून पुढे धंदा संपला आणि शिक्षण हेच काम झालं.

मूठभर धान्य

त्याआधीच मिरज तालुक्यातल्या दुधगावात त्यांनी नानासाहेब येडेकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर विद्यार्थी आश्रम सुरू केला होता. तिथे मुष्टिफंडाची पद्धत वापरली गेली. घरातल्या बाईने रोज दळण-स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ धान्य बाजूला काढायचं आणि ते आश्रमातल्या मुलांसाठी गोळा करायचं. एक मूठ कुणालाच जड नसते. पण रोज एक मूठ देणारं घर त्या मुलाच्या अभ्यासाची चौकशीही करू लागतं. मुलगा एका घराचा राहत नाही, गावाचा होतो.

आपल्याकडे जकात आहे, सदका आहे, रमजानमध्ये गावागावांत हात सढळ होतो. मुष्टिफंडाची युक्ती आपल्याला समजायला म्हणूनच अवघड नाही. फरक एवढाच की तिथे दान रोजचं होतं, हिशेब उघडा होता आणि त्याचं फळ समोरच्या पोरात दिसत होतं.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 मध्ये संस्थेचं ठाणं साताऱ्यात आलं आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू झालं. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आलं. ज्या राजाने आपल्याला आसरा दिला, त्याचं नाव पहिल्या मोठ्या वसतिगृहाला. उपकार विसरायचे नाहीत, ही अण्णांची रीत होती.

एक चूल, एक पंगत

कोल्हापुरात वसतिगृहं समाजावार वेगवेगळी होती आणि त्या काळात त्यांचा मोठा उपयोग झाला. भाऊरावांनी पुढचं पाऊल टाकलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, सगळी मुलं एका छपराखाली, एका चुलीवरचं जेवण, एका पंगतीत. शंभर वर्षांपूर्वीच्या साताऱ्यात हे सोपं नव्हतं. विहिरीवरून आणि पाण्याच्या घागरीवरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठत होती. अण्णांनी त्यावर व्याख्यानं कमी दिली आणि मुलांना कामाला जास्त लावलं. भाकऱ्या थापणं, आमटी करणं, पाणी भरणं, लाकडं फोडणं, झाडलोट करणं, पाळी सगळ्यांना. ज्याच्या हातची भाकरी रोज खाल्ली, त्याला परका म्हणणं जड जातं.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनात त्या काळी शंका आल्या नसतील असं नाही. पोरगा घरापासून लांब राहील, दीन विसरेल, ही काळजी आजही अनेक घरांत असते. पण त्या पंगतीत बसून शिकलेल्या माणसांनी धर्मही सांभाळला आणि नावही कमावलं. अण्णांच्या सहकाऱ्यांपैकी ॲड. इस्माईलसाहेब मुल्ला यांचं नाव साताऱ्यातल्या रयतच्या लॉ कॉलेजला आहे. 1955 मध्ये शिक्षक घडवण्यासाठी साताऱ्यात जे कॉलेज निघालं, त्याला मौलाना अबुल कलाम आझाद यांचं नाव दिलं गेलं. म्हणजे सातारा-सांगलीच्या खेड्यांतले कितीतरी मास्तर, कोणत्याही जातीचे असोत, आझाद कॉलेजची पदवी घेऊन वर्गात उभे राहिले. ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असायला हवी.

1932 मध्ये पुणे करारानंतर अण्णांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढलं. नावातच एकी होती.

लक्ष्मीबाईंचा वाटा

या सगळ्या कामात एका बाईचा वाटा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. मुलं त्यांना वहिनी म्हणत. माहेरच्या कर्मठ वळणात वाढलेल्या या बाईने सगळ्या जातींच्या पोरांना आपलं मानलं. कुणाला ताप आला तर उशाशी त्याच, कुणी घरच्या आठवणीने रडू लागलं तर जवळ घेणाऱ्या त्याच. बोर्डिंगमध्ये धान्य संपलं की एकेक दागिना मोडला गेला. शेवटी मंगळसूत्रही गेलं. हिंदू असो वा जैन, त्या काळातल्या बाईसाठी मंगळसूत्र विकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. 1930 मध्ये त्या गेल्या. अण्णा एकटे पडले, पण बोर्डिंग बंद पडलं नाही.

मार्गदर्शन म्हटलं की आपल्याला व्यासपीठ, माईक आणि करिअरवरचं भाषण आठवतं. वहिनींनी भाषण कधी केलं नसेल. त्या पोरांचं पोट भरतंय का, ती झोपली का, हे बघत राहिल्या. मुलगा शाळेत टिकतो तो बऱ्याचदा अशा माणसामुळे.

कमवा आणि शिका

अण्णांच्या कामाची दुसरी खूण म्हणजे श्रम. फुकट काही द्यायचं नाही आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवायचंही नाही. मुलाने शेतात राबायचं, बांधकामावर दगड वाहायचे, बाग शिंपायची आणि त्या कामाच्या मोबदल्यात शिकायचं. 1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर निघालं. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, तिथेही कमवा आणि शिका. 1954 मध्ये कराडला गाडगे महाराजांच्या नावाने कॉलेज निघालं.

यातला बारीक मुद्दा आम्हाला फार मोलाचा वाटतो. गरीब घरातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला दया नको असते. घरात पैसा नाही हे त्याला कळत असतं आणि आपण ओझं आहोत असं वाटू लागलं की तो स्वतःच शाळा सोडून कामाला लागतो. अण्णांनी काम आणि शाळा यातलं भांडणच मिटवलं. पोराच्या हातात घमेलंही राहिलं आणि पुस्तकही. मान खाली घालायची वेळ त्याच्यावर आली नाही.

जिथे शाळाच नव्हती अशा वाड्यावस्त्यांवर 1930 च्या दशकाच्या अखेरीपासून संस्थेने व्हॉलंटरी शाळा काढल्या. गावाने जागा द्यायची, देऊळ असो, चावडी असो की कुणाचा गोठा, आणि संस्थेने मास्तर द्यायचा. अशा साडेपाचशेहून जास्त शाळा निघाल्या. मास्तर हवेत म्हणून 1935 मध्ये ट्रेनिंग कॉलेज निघालं होतंच. शिकलेला पोरगा मास्तर होऊन दुसऱ्या खेड्यात जायचा आणि तिथल्या पोरांना उभं करायचा.

सरकारने हात काढला तेव्हा

गांधीजींच्या हत्येनंतर अण्णांनी त्यांच्या नावाने 101 हायस्कुलं काढण्याचा संकल्प सोडला. त्याच सुमारास मुंबई सरकारवर त्यांनी केलेली टीका सरकारला झोंबली आणि संस्थेचं अनुदान थांबवलं गेलं. शेकडो शिक्षकांचे पगार अडले. तेव्हा संस्था वाचवली ती माणसांनी. शिक्षक अर्ध्या पगारावर, कुठे पगाराविना राहिले, शेतकऱ्यांनी धान्य दिलं, जुन्या विद्यार्थ्यांनी पैसे पाठवले. यथावकाश अनुदान पुन्हा सुरू झालं.

हा प्रसंग आज आम्हाला जास्त आठवतो. 2022 मध्ये केंद्र सरकारने अल्पसंख्याक मुलांची पहिली ते आठवीपर्यंतची शिष्यवृत्ती थांबवली. मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी बंद झाली. महाराष्ट्रात 2014 मध्ये मुस्लिमांना जाहीर झालेलं पाच टक्के आरक्षण शिक्षणापुरतं हायकोर्टाने मान्य केलं होतं, तरी पुढे ते टिकलं नाही. हक्कासाठी भांडायलाच हवं, अण्णाही भांडले. पण भांडण चालू असताना बोर्डिंगमधल्या पोरांची चूल त्यांनी विझू दिली नाही.

शेवटचे दिवस आणि मागे राहिलेलं

1959 च्या जानेवारीत त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने डी. लिट. दिली. मॅट्रिक न झालेल्या माणसाला विद्यापीठाची सर्वोच्च पदवी. महिनाभराने, 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. तोवर संस्थेची 38 वसतिगृहं, 108 हायस्कुलं, 6 ट्रेनिंग कॉलेजं आणि 3 महाविद्यालयं झाली होती. स्वतःच्या नावावर मात्र सांगण्यासारखी मालमत्ता नव्हती.

पलूस-कडेगाव भागाने त्या झाडाचं एक फळ जवळून पाहिलं. सोनसळच्या शेतकरी घरातले पतंगराव कदम कुंडलला शिकले, साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात कमवा आणि शिका योजनेत राबले, हडपसरला रयतच्या शाळेत शिक्षक झाले आणि 1964 मध्ये त्यांनी भारती विद्यापीठ काढलं. एका पोराला हात दिला की तो पुढे हजारांना देतो, याचा हिशेब इथे डोळ्यांसमोर आहे.

आता आपली पाळी

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपली अवस्था आकड्यांत मांडली. 2001 च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता सुमारे 65 टक्के होती आणि मुसलमानांची 59 टक्के. आकडे वर सरकले असतील, पण दहावीनंतर गळणारा आपला पोरगा अजून गळतोच आहे.

अण्णांच्या आयुष्यातून आम्हाला जे दिसतं ते फार खर्चाचं नाही. गावात मशीद आहे, तिच्या शेजारी बहुतेक ठिकाणी एखादी खोली असते. इशाच्या नमाजनंतर दोन तास तिथे दिवा, पंखा आणि बसायला जागा मिळाली तर अभ्यासिका झाली. रिटायर झालेला एखादा मास्तर, मग तो पाटील असो वा पठाण, आठवड्यातून दोन दिवस गणित-इंग्रजी घेऊ शकतो. पलूसच्या एमआयडीसीत आणि किर्लोस्करवाडीत काम करणारे आपलेच लोक आहेत. एकेकाने एका पोराचं पालकत्व घेतलं, आयटीआयचा फॉर्म त्याच्याबरोबर बसून भरला, अप्रेंटिसशिपची चौकशी केली, महिन्यातून एकदा त्याच्या घरी जाऊन चहा घेतला, तरी फरक पडेल. जकातीतला ठरावीक वाटा फी आणि एसटीच्या पाससाठी बाजूला ठेवता येईल आणि त्याचा हिशेब जुम्म्याला सगळ्यांसमोर मांडता येईल.

आणि हे काम आपल्यापुरतं कोंडून ठेवू नये. कडेगावच्या मोहरमला गगनचुंबी ताबूत उचलायला हिंदू-मुसलमान दोघांचे खांदे लागतात, हे आपला भाग पिढ्यानपिढ्या बघतो आहे. अभ्यासिकेत शेजारच्या वस्तीतली मुलंही येऊ द्या. अण्णांची पंगत अशीच वाढत गेली.

नापास झालेला, बोर्डिंगमधून काढलेला, तुरुंगात जाऊन आलेला एक पोरगा पुढे कर्मवीर झाला, कारण वेळेवर एका माणसाने त्याला दार उघडलं. या निकालाच्या दिवसांत आपल्या गल्लीतला एखादा पोरगा मार्कलिस्ट खिशात घालून कोपऱ्यावर उभा असेल. त्याला आधी घरात बोलवा, जेवू घाला. अभ्यासाचं मग बघू.